तुमचे प्रश्न: समोरच्या माणसाकडे बघायचं कसं?

सगळ्या वाचक भावाबहिणींना सलाम. मागच्या अंकात आपण एकुलता एक मुलगा गेलेल्या नाईन गावच्या विधवेच्या गोष्टीवर थोडं बोललो होतो, म्हणजे प्रभू येशूने तिला आधी पाहिलं, मग त्याला तिचा कळवळा आला आणि मग तो मुलाच्या तिरडीजवळ गेला, हा जो क्रम लूक आपल्या शुभवर्तमानात देतो त्याबद्दल. त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच की ताई वचन पटतं हो, पण समोर खरा माणूस येऊन उभा राहिला की काही जमत नाही. म्हणून या महिन्यात सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत. पत्रं लांब होती ती थोडी कमी केलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई सलाम. मी पिंपरीला असतो. आमच्या मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, दर महिन्याला वस्तीत रेशन किट वाटतात त्या टीममध्ये मी आहे. खरं सांगतो, मला तिथे दया वगैरे काही वाटत नाही, चीड येते. लोक ढकलाढकली करतात, एकाच घरातले तिघं रांगेत वेगवेगळे उभे राहतात, आणि मागच्या वेळी तर एका बाईने आमच्याकडून घेतलेली तेलाची पिशवी अर्ध्या तासात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी ही सेवा सोडून द्यावी का? मनात दयाच नसेल तर हे ढोंगच झालं ना?

भाऊ, सेवा सोडू नका. मनात दया आधी भरून येईल आणि मग आपण कामाला लागू असं धरून बसलो तर आपल्यातले निम्मे लोक घराबाहेरच पडणार नाहीत. बऱ्याचदा आपण जवळ जातो, आणि मग कधीतरी कळवळा येतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकतो पण त्यातली एक बारीक गोष्ट सुटून जाते. लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या त्या माणसाला तिघांनीही पाहिलं. याजकाने पाहिलं, लेव्याने म्हणजे मंदिरातल्या सेवकाने पाहिलं, आणि यहुदी ज्यांना परके मानायचे त्या शोमरोन्यानेही पाहिलं, लूकने तिन्ही वेळा तसं लिहिलंय. मग फरक कुठे पडला तर पहिल्या दोघांनी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने पाहिलं आणि तिसरा जवळ गेला. बरं ते दोघं काही फार दुष्ट होते असंही नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारा तो रस्ता साधारण 25 किलोमीटरमध्ये हजार मीटर खाली उतरतो, सगळा ओसाड डोंगर आणि वळणं, लुटारूंना लपायला जागाच जागा, तिथे थांबणं म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणं. त्यांच्याकडे कारण होतं. आपल्याकडेही नेहमी असतं.

तुमच्या वाटपात ती पलीकडची बाजू म्हणजे ते टेबल आहे. टेबलामागे उभं राहिलं की समोर फक्त रांग दिसते, आणि रांगेला चेहरा नसतो, रांग फक्त ढकलते आणि फसवते. मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे ना, प्रभूने एकदा हात ठेवल्यावर त्याला माणसं दिसली पण झाडांसारखी, चालणारी झाडं, आणि प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवला तेव्हा त्याला स्पष्ट दिसायला लागलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इतके चमत्कार एका शब्दात करणाऱ्या प्रभूने इथे दुसऱ्यांदा हात ठेवायचा कंटाळा केला नाही. तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या हाताच्या मध्ये उभे आहात असं समजा.

आता ती तेलाची पिशवी. त्या बाईने पिशवी का विकली हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. नवऱ्याच्या दारूसाठी विकली असेल, तेही होतं. पण खोलीचं भाडं तेलाने देता येत नाही, गॅसचा सिलेंडर तुरडाळीवर मिळत नाही, पोराच्या शाळेत वहीऐवजी साखर चालत नाही. आपण किटमध्ये काय द्यायचं ते आपल्या मीटिंगमध्ये ठरवलं, तिला विचारलं का कुणी? बार्तीमय आंधळा होता हे सगळ्या यरीहोला दिसत होतं, तरी प्रभूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. विचारलं म्हणजे त्याला माणूस धरलं.

आपल्याच भागातलं उदाहरण देते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं 1970 मध्ये जामखेडला आलं, दोघंही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेतही शिकून आलेले, दवाखाना काढायचं मनात होतंच, पण लोकांशी बोलल्यावर कळलं की लोकांना आधी अन्न आणि पाणी पाहिजे, डॉक्टर नंतर. मग त्यांनी आपला प्लॅन लोकांच्या गरजेप्रमाणे वळवला. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता वाचता येत नव्हतं, अनेकजणी दलित समाजातल्या, आणि त्याच बायका गावात बाळंतपणं सुखरूप करायला लागल्या, कुपोषित पोरं जगवायला लागल्या. दोघा नवराबायकोंना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला ते सगळ्यांना माहीत असतं. पण मला पुरस्कारापेक्षा हे मोठं वाटतं की ज्या बाईकडे गावाने कधी मान वर करून बघितलं नाही तिच्यात त्यांना आरोग्य सेविका दिसली.

तुम्ही एवढंच करा. पुढच्या वाटपाला टेबलामागे उभं राहू नका, ते काम दुसऱ्याला द्या, तुम्ही पाण्याचा जार घेऊन रांगेत फिरा आणि लोकांशी बोला. वाटप नसेल अशा एखाद्या दिवशी, हातात किट न घेता, दोन घरी जाऊन बसा. जमलं तर त्याच बाईच्या घरी जा, तेलाचा विषय मात्र काढू नका. आणि हो, वाटप करतानाचे फोटो काढून स्टेटसला टाकायचं बंद करा बरं का, तुम्ही पत्रात ते लिहिलं नाही पण सगळीकडे चालतं म्हणून सांगते. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं प्रभू म्हणाला आणि आपण त्या बाईचा मिंधा चेहरा सगळ्या ग्रुपवर फिरवतो, हे फार वाईट आहे.

प्रश्न: श्रीरामपूरकडची आहे, नाव नको. सासूबाईंना अर्धांग झालाय, अंथरुणावरच असतात, सगळं मीच करते. याच सासूबाईंनी मला दोन मुली झाल्या म्हणून वर्षानुवर्षं टोमणे मारले, माझ्या आईला दारातून परत पाठवलं होतं. आता मी त्यांचं सगळं काढते पण मनात काहीच येत नाही, मशीनसारखं करते. महिला मंडळातल्या बायका म्हणतात तुला स्वर्गात मुकुट मिळेल. मला मुकुट नको, मला एक दिवस झोप पाहिजे. मी चुकतेय का?

नाही गं बाई, तू चुकत नाहीयेस, तू थकलीयेस. आणि थकलेल्या माणसाला आणखी करुणा कर म्हणून सांगणं मला पटत नाही.

मार्कचा सहावा अध्याय काढून वाच. शिष्य इतके गडबडीत होते की त्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभू त्यांना म्हणाला की तुम्ही एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. आणि त्याच उताऱ्यात, लगेच पुढे, लोकसमुदाय बघून त्याला त्यांचा कळवळा आला असं आहे, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते त्याला दिसले. म्हणजे विसावा घ्या म्हणणारा आणि कळवळा येणारा प्रभू एकच. आपण मात्र विसावा घेतला की पाप केल्यासारखं तोंड करून बसतो.

शोमरोन्याचं वर लिहिलंच आहे, त्याचा शेवटचा भाग तुझ्यासाठी. त्याने जखमा बांधल्या, जनावरावर घालून त्याला उताराशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी उताराशाळेच्या मालकाला दोन दिनार देऊन, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, सांगितलं की आता तुम्ही याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर मी परत आल्यावर देईन. आणि तो आपल्या कामाला गेला! त्याला प्रभूने कमी दयाळू म्हटलं नाही.

तुझ्या पत्रात तुझ्या नवऱ्याचा आणि नणंदेचा एका ओळीचाही उल्लेख नाही. आई त्यांची आहे ना? नवऱ्याला सांग की आठवड्यातले दोन दिवस रात्रीचं डायपर आणि कूस बदलणं तुझं. कूस दर दोन तासांनी बदलावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात, हे एकट्या माणसाने रात्रंदिवस करायचं कामच नाही, हॉस्पिटलमध्ये त्यासाठी तीन शिफ्ट असतात. हवेची गादी घेतली नसेल तर घ्या, त्याने बराच फरक पडतो, पण कूस तरीही बदलायला लागतेच. आणि महिला मंडळाच्या बहिणी हे वाचत असतील तर त्यांना माझं सांगणं, मुकुटाचं प्रभू बघेल, तुम्ही शनिवारी दुपारी आळीपाळीने तीन तास तिथे जाऊन बसा आणि हिला झोपू द्या.

आता मनात काही येत नाही म्हणतेस त्याबद्दल. मी मिशन हॉस्पिटलला नर्सिंग शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डच्या सिस्टर जुन्या जखमेचं ड्रेसिंग शिकवायच्या. गॉज जखमेला चिकटलेलं असलं तर ओढायचं नाही, सलाइन टाकून थांबायचं, मग कडेकडेने सोडवायचं, आणि हात जखमेवर असला तरी नजर अधूनमधून पेशंटच्या चेहऱ्यावर न्यायची, कारण किती दुखतंय ते जखम सांगत नाही, चेहरा सांगतो. त्यांनी कधी आम्हाला या पेशंटवर प्रेम करा असं म्हटलं नाही, फक्त चेहऱ्याकडे बघा म्हणाल्या. तूही तेवढंच कर, दिवसातून एकदा, अंग पुसताना. प्रेम वाटलंच पाहिजे असं काही नाही. आईला दारातून परत पाठवलं ते विसरायचीही जबरदस्ती नाही, ते दुःख तू प्रभूजवळ मोठ्याने बोल, स्तोत्रांमध्ये याहून कडक बोललेलं आहे. फक्त आत्ता अंथरुणावर कोण आहे ते बघ, जिला पाणी पाहिजे तर बोलता येत नाही अशी एक म्हातारी बाई आहे.

प्रश्न: नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीत सांगितलं तर म्हणाले त्याच्याकडे करुणेने बघ, सत्तर वेळा सात क्षमा कर, तुझ्या सहनशीलतेने तो एक दिवस बदलेल. मुलं घाबरून पलंगाखाली लपतात. मी काय करू?

ताई, तू आधी सुरक्षित हो, बाकी सगळं नंतर. मारहाण चालू असेल तेव्हा 112 ला फोन कर, एरवी महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून तुला कुणी हाकलू शकत नाही, घर तुझ्या नावावर नसलं तरी. हे लिहून ठेव, नंबर शेजारणीकडेही देऊन ठेव.

आता करुणेचं. दावीद राजाकडे बघ. तो राजा होण्याआधी, तेव्हाचा राजा शौल याने त्याच्यावर भाला फेकला तेव्हा तो बाजूला झाला आणि त्याच रात्री पळून गेला, त्याच्या बायकोने त्याला खिडकीतून खाली उतरवलं. भाल्यासमोर उभा राहून त्याने सहनशीलता दाखवली नाही. आणि तोच दावीद पुढे गुहेत शौल हातात सापडला तर त्याला मारत नाही, त्याच्याशी माझ्या बापा म्हणून बोलतो. म्हणजे मनात दया होती पण अंतर ठेवून होती. नासरेथकरांनी प्रभूला कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तोही त्यांच्यामधून निघून गेला, कारण त्याची वेळ आली नव्हती. तुझ्या नवऱ्यावर दया करायचीच तर त्याला हात उचलायची संधी मिळू न देणं हीसुद्धा त्याच्यावर दयाच आहे. दारूचं व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार लागतात, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय, ठिकठिकाणी एए च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंग होतात. उपचाराला त्याने जायचं, तू आणि मुलांनी मार खात वाट बघायची नाही.

ज्यांनी हिला असा सल्ला दिला त्या वडील मंडळींनाही विचारते, पंडिता रमाबाईंचं नाव आपण इतक्या अभिमानाने घेतो, त्यांनी 1889 मध्ये शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ते कशासाठी? सोसणाऱ्या बाईला आणखी सोस म्हणून सांगायला का? त्यांना दुःखी बाई दिसली तेव्हा त्यांनी तिला छप्पर दिलं, जेवण दिलं, शिक्षण दिलं. तुमच्या मंडळीच्या आवारात एक खोली रिकामी नाही का?

प्रश्न: आमच्या उपासनेला एक बाई यायला लागलीय, तिच्याबद्दल सगळ्या भागात माहीत आहे, पूर्वी बारमध्ये होती. ती बेंचवर बसली की बाजूच्या बायका हळूच सरकतात. मी सरकत नाही, पण बोलतही नाही. मुली मोठ्या होतायत आमच्या, भीती वाटते. ख्रिस्ती म्हणून काय करावं?

बोला. पुढच्या रविवारी तिच्याच शेजारी बसा आणि तिच्याकडे गीताचं पुस्तक नसेल तर तुमचं मध्ये धरा.

शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे कडक धर्मनियम पाळणाऱ्या माणसाच्या, घरी गावात पापी म्हणून माहीत असलेली एक बाई आली, प्रभूचे पाय आसवांनी भिजवले, केसांनी पुसले. शिमोन मनात म्हणत होता की हा संदेष्टा असता तर ही कोण नि कसली बाई आहे ते याला कळलं असतं. आणि प्रभू त्याला विचारतो, ही बाई तुला दिसते ना? केवढा प्रश्न आहे तो! शिमोनाला तिचा सगळा इतिहास माहीत होता, पण पायाशी बसलेली बाई दिसत नव्हती. प्रभूला तिचा इतिहासही माहीत होता, पापं पुष्कळ आहेत असं त्याने सरळ म्हटलं, लपवलं नाही, आणि तरी त्याने शिमोनाला तिचं प्रेम मोजून दाखवलं, तू पाय धुवायला पाणी दिलं नाहीस, हिने आसवांनी धुतले.

रमाबाईंच्या स्वतःच्या साक्षीत एक प्रसंग आहे. त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांकडे, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींकडे, होत्या तेव्हा सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला आपलं काम बघायला नेलं. तिथे ज्यांना समाज पतित म्हणतो अशा बायका होत्या, त्यांच्यातल्या काही पूर्ण बदलून आता स्वतःच आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी एका सिस्टरला विचारलं, ख्रिस्ती लोक या बायकांसाठी एवढं का करतात? त्या सिस्टरने वाद घातला नाही, योहानाचा चौथा अध्याय काढून, पाच नवरे झालेल्या शोमरोनी बाईशी प्रभू विहिरीवर बोलला ती गोष्ट वाचून दाखवली. त्याचा रमाबाईंच्या मनावर फार खोल परिणाम झाला, आणि पुढे मुक्तीमध्ये अशा बायकांसाठी त्यांनी कृपा सदन उघडलं. विचार करा, फुलहॅमच्या त्या बायका बेंचवर सरकून बसणाऱ्यांच्या मंडळीत गेल्या असत्या तर रमाबाईंना काय दिसलं असतं?

मुलींची भीती मला समजते, आई आहात. पण मुली तुमच्याकडेच बघून शिकतात. त्यांच्यापैकी कुणाचं उद्या काही चुकलं, कुणी फसवलं, तर घरी येऊन सांगायचं की नाही हे त्या आज त्या बेंचवरून ठरवतायत. आई अशा बाईजवळ बसते हे त्यांनी पाहू द्या.

प्रश्न: ताई आम्ही नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मुलीला मंडळीतलाच मुलगा आवडलाय, शिकलेला, नोकरी चांगली, तरुण संघात पुढे असतो. पण आमचे पूर्वज महार समाजातून ख्रिस्ती झाले आणि त्यांचे मातंग समाजातून. माझ्या सासूबाई म्हणतात मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही. मिस्टर गप्प आहेत. मला मुलगा आवडतो पण नातेवाइकांचं टेन्शन येतं. शिवाय सासूबाईंवरही दया येते, त्यांचं वय झालंय. काय करू?

तुमचं पत्र मी खूप वेळा वाचलं, आणि हा प्रश्न तुम्ही उघडपणे विचारलात याबद्दल आधी आभार, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. वेदीसमोर प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून घ्यायचं आणि बाहेर येऊन पाव्हणे मूळचे कोणते म्हणून विचारायचं, हे किती दिवस चालवायचं.

आपले पूर्वज कसे जगले ते आठवा. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, पुढच्या काळात जे लोक प्रभूकडे आले त्यातले बहुतेक गावकुसाबाहेर राहणारे होते. गावाच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नाही, देवळात नाही, शाळेत आत बसायची नाही, सावलीचासुद्धा विटाळ. तुमच्या सासूबाईंच्या आजेसासऱ्यांनी ते सोसलं असणार, आणि त्या मुलाच्या पणजोबांनीही तेच सोसलं, त्याच गावाबाहेर, कदाचित त्याच पाण्यासाठी. कुणीतरी वरून आपल्याकडे जसं बघितलं त्याच नजरेने आपण आपल्याच भावाकडे बघावं, मला हे फार लागतं.

बायबलमध्ये हे जसंच्या तसं घडलंय. पेत्राला कर्नेल्या या रोमी सेनाधिकाऱ्याच्या प्रसंगात देवाने शिकवलं की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नकोस. पेत्राला ते पटलं, तो विदेश्यांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवायलाही लागला. मग अंत्युखियात याकोबाकडून काही माणसं आली आणि पेत्र घाबरून त्या पंगतीतून मागे सरला, त्याचं बघून पौलाचा साथी बर्णबासुद्धा. पौल गप्प बसला नाही, सगळ्यांसमोर तोंडावर बोलला, गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पेत्राची शिकवण चुकली नव्हती बघा, त्याला लोकांची भीती वाटली, तुमच्यासारखीच. तेव्हा नातेवाइकांच्या टेन्शनने पेत्रासारखा प्रेषितही डगमगला होता म्हणून तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका, पण पंगतीतून उठूही नका.

मगाशी जामखेडचं लिहिलं, तिथलंच अजून एक. आरोळे डॉक्टरांनी गावांमध्ये हातपंप बसवले तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असं मुद्दाम पाहिलं, म्हणजे बाकीच्या गावाला पाणी पाहिजे तर त्या वस्तीत यावं लागेल. जातीवर प्रवचन दिलं असतं तर किती जणांनी ऐकलं असतं कुणास ठाऊक, पण घागर घेऊन रोज तिथे यायला लागलं की बायका एकमेकींशी बोलायला लागतात.

सासूबाईंवर दया येते म्हणता ते चांगलंच आहे, दया जरूर करा, त्यांचं मन दगडाचं आहे असं समजू नका. त्यांनी तरुणपणी काय काय ऐकलं असेल, समाजात आपण कुणाच्या तरी वर आहोत हा एकच आधार त्यांना मिळाला असेल, तो सुटायची त्यांना भीती वाटते. त्यांच्याजवळ बसून त्यांना त्यांच्या लहानपणाचं विचारा, पाणी कुठून आणायचे, शाळेत कुठे बसवायचे. बोलू द्या. पण त्यांच्यावर दया म्हणून मुलीचं लग्न मोडणं, ही दया नाही, त्यात त्या मुलावर आणि तुमच्या मुलीवर अन्याय आहे. दोन्ही गोष्टी करा, म्हाताऱ्या आईशी आवाज चढवून कुणी बोलू नका आणि लग्नाला हो म्हणा.

मिस्टरांना म्हणावं आता गप्प बसून चालणार नाही, आई तुमची आहे, तुम्ही बोला. आणि मुलाच्या घरी चहाला जाऊ नका, जेवायला जा, पोटभर जेवा, त्याच्या आईला स्वयंपाकघरात जाऊन मदत करा, तिलाही गेले काही महिने आमच्या पोराला हे लोक काय म्हणतील म्हणून झोप नसेल. त्यांनाही आपल्याकडे बोलवा. पहिल्या वेळी सासूबाई खोलीतून बाहेर आल्या नाहीत तर येऊ देत नाही तर राहू देत, ताट मात्र त्यांना त्या मुलालाच घेऊन जाऊ द्या. पाळकसाहेबांना आधी भेटून सगळं स्पष्ट सांगा म्हणजे मंडळीत कुजबुज सुरू झाली तर ते तुमच्या बाजूने उभे राहतील, आणि उभे राहिले नाहीत तर मला कळवा, मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.

पत्रिका छापाल तेव्हा दोन्हीकडच्या आजीआजोबांची आणि मूळ गावांची नावं नीट मोठ्या अक्षरात छापा, आणि एक पत्रिका मला पाठवा, तब्येत बरी असली तर मी नक्की येणार.